इयर सिक्सच्या सॅट्स : नक्की काय प्रकार असतो हा?

मोहोर
६ मार्च २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. लेक इयर सिक्सला, म्हणजे प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. सोमवारी सेकंडरी शाळेची ईमेल आली, पहिल्या पसंतीची शाळा मिळाली, फोनवर सगळ्यांना सांगून झालं. म्हटलं, सुटलो. तर काल शाळेत पालकांची मीटिंग. प्रोजेक्टरवर मोठ्ठ्या अक्षरात 'सॅट्स' (प्राथमिकच्या शेवटी देशभर होणाऱ्या सरकारी चाचण्या), आणि पुढचा पाऊण तास 'काळजी करू नका' हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की मला काळजी वाटायला लागली.

मी चौथीची स्कॉलरशिप दिलेली बाई. परीक्षा म्हणजे पास-नापास, यादीत नंबर आणि शेजारच्या काकूंचा फोन, एवढंच डोक्यात. शाळा मिळालेली असताना ही परीक्षा कशासाठी? स्केल्ड स्कोअर काय असतो? इथे व्हॉट्सॅप ग्रुपवर अर्ध्या लोकांनी ट्यूशन लावलीय. आणि आज गाडीत लेकीने विचारलं, "आई, मी नापास झाले तर ती शाळा परत घेतील का?" मला छातीठोकपणे 'नाही' म्हणता आलं नाही, म्हणून हा धागा.

रेडिंगकर
६ मार्च २०२५, रात्री ११:१५

छातीठोकपणे 'नाही' म्हणा. शाळा ठरते मार्चमध्ये, सॅट्स होतात मेमध्ये, निकाल येतो जुलैत. दिलेली जागा सॅट्समुळे कुणी काढून घेत नाही.

तुमच्या ग्रुपवर बहुतेक इलेव्हन प्लसची आणि सॅट्सची खिचडी झालीय. इलेव्हन प्लस ग्रामर स्कूलसाठी, म्हणजे परीक्षा घेऊन प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळांसाठी, ती इयर सिक्सच्या सुरुवातीला होते आणि ज्याला हवी तोच देतो. आपल्या लोकांत ट्यूशनचा खरा बाजार तिचा. ती संपली की ट्यूशनवाले सॅट्सची पाटी लावतात.

अवांतर: आम्ही राहतो रेडिंगला आणि आमच्या थोरल्याचं घोडं अडलं होतं रीडिंगच्या पेपरात. इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच. भारतातून आजी विचारायची, "अरे, गावाचा पण पेपर असतो का?"

खडू_फळा
७ मार्च २०२५, सकाळी ६:५०

मोहोर, मी लेस्टरला प्राथमिक शाळेत शिकवते, इयर सिक्सची ही माझी पाचवी बॅच. शाळेला निघायच्या आधी जमेल तेवढं लिहिते.

या वर्षी परीक्षा १२ ते १५ मे, सोमवार ते गुरुवार. सोमवारी व्याकरण-विरामचिन्हांचा पेपर, ४५ मिनिटं, ५० मार्क. त्याला जोडून स्पेलिंग, २० शब्द. शिक्षक प्रत्येक शब्द वाक्यात वाचून दाखवतात आणि मुलं गाळलेल्या जागी लिहितात. मंगळवारी रीडिंग, एक तास, ५० मार्क. बुधवारी गणिताचे दोन पेपर: पहिला नुसत्या आकडेमोडीचा, अर्धा तास, ४० मार्क, दुसरा शाब्दिक उदाहरणांचा, ४० मिनिटं, ३५ मार्क. गुरुवारी तसाच आणखी एक ३५ मार्कांचा. कॅल्क्युलेटर कुठेच नाही. गुरुवारी दुपारपासून माझा वर्ग म्हणजे गणपती विसर्जन असतं.

निबंधाचा पेपर नसतो. लेखनाचं मूल्यमापन वर्षभराच्या वह्यांवरून आम्हीच करतो आणि तीन पायऱ्यांत सांगतो: अपेक्षित पातळीच्या वाटेवर, अपेक्षित पातळीवर, आणि त्याहून सखोल. विज्ञानाचंही शिक्षकच ठरवतात.

आता स्केल्ड स्कोअर. दरवर्षीचा पेपर सारखाच अवघड निघत नाही, म्हणून कच्चे मार्क ८० ते १२० या पट्टीवर बसवतात. १०० किंवा वर म्हणजे अपेक्षित पातळी गाठली. ११० किंवा वर असेल तर शाळेच्या आकडेवारीत त्याला वरची पातळी धरतात. हे शंभर म्हणजे शंभर टक्के नव्हे हो! दरवर्षी एका आजोबांना हे समजावते. २०२३ चा रीडिंगचा पेपर आठवतोय कुणाला? मुलं रडत बाहेर आली, वर्तमानपत्रांत गाजला. त्या वर्षी ५० पैकी २४ मार्कांना १०० स्कोअर होता. आदल्या वर्षी त्याच १०० साठी २९ लागले होते. गणितात त्या वर्षी ११० पैकी ५६. म्हणजे निम्म्याच्या आसपासचा हिशोब. 'साठ टक्केच पडले' म्हणून तोंड पाडायचं काहीच कारण नाही.

पेपर आम्ही तपासत नाही, ते बाहेर जातात. भिंतींवरचे पाढ्यांचे आणि व्याकरणाचे तक्ते त्या आठवड्यात कागदाने झाकावे लागतात, ते बघून मुलं आधी हसतात आणि मग एकदम गप्प होतात. ती गप्प झालेली मुलं मला आवडत नाहीत, पण असो. बेल झाली की उरलेलं.

दुसरा_चहा
७ मार्च २०२५, दुपारी १:०५

वर सगळे 'काही होत नाही' म्हणतायत त्याला माझा विरोध. जागा जात नाही, मान्य. पण सेकंडरीत हे आकडे पोचतात. माझ्या मुलीच्या शाळेत इयर सेव्हनला गणिताचे सेट (पातळीप्रमाणे गट) पाडले, ते सॅट्स बघूनच. ती तिसऱ्या सेटमध्ये गेली आणि वर यायला दीड वर्ष लागलं. शिवाय जीसीएसईसाठी (सोळाव्या वर्षीची मोठी परीक्षा) जे टार्गेट ग्रेड देतात त्याचं मूळ याच रीडिंग आणि गणितात. अकराव्या वर्षीचा आकडा सोळाव्या वर्षापर्यंत मागे लागतो. तेव्हा थोडी मेहनत करून घेतली तर बिघडलं कुठे?

रेडिंगकर
७ मार्च २०२५, संध्याकाळी ७:३०

मेहनतीला कोण नाही म्हणतंय? पण 'मागे लागतो' हे जरा जास्त झालं. आमचा थोरला २०२० च्या बॅचचा. वर्षभर शाळेत सॅट्स सॅट्स ऐकलं, रीडिंगसाठी मी रोज रात्री त्याच्याशी हुज्जत घातली, आणि मार्चमध्ये कोविडमुळे शाळाच बंद. परीक्षा झालीच नाही. २०२१ ला पण नाही. थोरल्याच्या बॅचची सगळी पोरं या उन्हाळ्यात जीसीएसईला बसतायत, सॅट्सचा एक आकडा नावावर नसताना. शाळांनी इयर सेव्हनला स्वतःच्या चाचण्या घेतल्या, सेट पाडले, टार्गेट दिले. अडलं ते सरकारचं: प्राथमिकपासून सेकंडरीपर्यंत मुलांनी किती मजल मारली हे मोजणारं प्रोग्रेस एट या दोन बॅचसाठी काढताच येत नाही, कारण सुरुवातीचा आकडाच नाही. त्यावरूनच कळतं की हा आकडा मुख्यतः कुणाला हवा असतो.

दुसरा_चहा
७ मार्च २०२५, रात्री ८:११

मुद्दा चांगला आहे. तरी दीड वर्ष तिसऱ्या सेटमध्ये माझी मुलगी होती, तुमचा थोरला नव्हता.

रेडिंगकर
७ मार्च २०२५, रात्री ८:२०

हे मात्र मान्य.

खडू_फळा
७ मार्च २०२५, रात्री ९:४०

दोघांचंही बरोबर आहे. काही सेकंडरी शाळा सॅट्सवरून सेट पाडतात, काही सप्टेंबरात आपली चाचणी घेतात, काही दोन्ही एकत्र बघतात. नव्या शाळेच्या ओपन इव्हिनिंगला सरळ विचारायचं: सेट कशावरून, आणि वर्षातून किती वेळा बदलता? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त महत्त्वाचं. दुसरा_चहा, तुमच्या लेकीला नडलं ते दुसरं उत्तर.

बाकी ही परीक्षा शाळेची हे खरंच. शाळेचे आकडे जाहीर होतात, हेडची (मुख्याध्यापकांची) झोप उडते ती त्याने. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि त्याच्या पोटात या चाचण्या. तेव्हापासून शिक्षकांचं आणि यांचं जमलेलं नाही. २०१० मध्ये तर जवळपास चौथाई शाळांनी बहिष्कार घातला होता. चौदाव्या वर्षी पण अशीच परीक्षा होती, ती २००८ मध्ये तपासणीचा बोजवारा उडाल्यावर बंद झाली. सातव्या वर्षीची २०२३ पर्यंत सक्तीची होती, आता ऐच्छिक. ही अकरावीची तेवढी टिकून आहे. (अकरावी म्हणजे वयाचं अकरावं वर्ष. सायन्स की कॉमर्स असं नाही!)

कोथिंबीर
८ मार्च २०२५, सकाळी ११:२६

मला थोडं कडू लिहायचंय. शाळेचं नाव नको. मागच्या वर्षी जानेवारीपासून आमच्या मुलाच्या वर्गाचं चित्रकलेचं आणि पीईचं वेळापत्रक हळूहळू गायब झालं. सकाळी मॉक (सराव पेपर), दुपारी मॉकची दुरुस्ती, शाळा सुटल्यावर बूस्टरचा जादा तास. ईस्टरच्या सुट्टीतही दोन दिवस बोलावलं. मुलगा नखं खायला लागला. मी हेडना भेटून म्हटलं की मी त्याला बसवतच नाही, तर उत्तर मिळालं की पालकांना तसा हक्क नाही, कोण बसणार ते हेड ठरवतात. मुलाचा स्कोअर चांगला आला. पण मीटिंगमध्ये 'काळजी करू नका' म्हणणारी तीच शाळा रोज फळ्यावर 'उरलेले दिवस' लिहीत होती, हे मी विसरत नाही. मोहोर, वहीत चित्रं कमी आणि मॉक जास्त दिसायला लागले तर वेळीच बोला.

मोहोर
८ मार्च २०२५, दुपारी २:०२

बाप रे, कोथिंबीर. आमच्याकडे अजून तरी पीई आहे. लक्ष ठेवते.

आता एक गंभीर प्रश्न, हसू नका. काल मी तिला गुणाकार करून दाखवत होते. ४३७ गुणिले ५६. मी आपल्या पद्धतीने दुसऱ्या ओळीत एककाच्या घरात फुली दिली, तर बाईसाहेब किंचाळल्या, "आई, मार्क जाईल! तिथे झीरो असतो!" खरंच जातो का?

खडू_फळा
८ मार्च २०२५, दुपारी ४:१८

हसले नाही, थोडंसंच हसले.

मोठा गुणाकार आणि मोठा भागाकार यांना आकडेमोडीच्या पेपरात दोन-दोन मार्क असतात. उत्तर बरोबर तर दोन्ही, मग कसंही काढलेलं असो. उत्तर चुकलं पण रीतसर मांडणी शेवटच्या ओळीपर्यंत नेलेली आहे आणि चूक फक्त एखाद्या हातच्याची आहे, तर एक मिळतो. तुमच्या उदाहरणात वरची ओळ २६२२, खालची २१८५०, बेरीज २४४७२. समजा लेकीने बेरजेत हातचा विसरून २३४७२ लिहिलं, तरी एक मार्क पदरात. पण दुसऱ्या ओळीतलं शून्य विसरून २१८५ लिहिलं आणि बेरीज ४८०७ काढली, तर मांडणी कितीही देखणी असो, दोन्ही गेले. कारण ती स्थानिक किमतीची चूक धरतात. म्हणून त्यांच्या डोक्यात ते शून्य इतकं ठोकलेलं असतं. तुमच्या फुलीचा अर्थ तुम्हाला कळतो, तपासणाऱ्याला कळेलच असं नाही. घरात दोन पद्धती चालवू नका, मे महिन्यापुरती फुली माळ्यावर टाका.

दुसरं, अबॅकस किंवा वैदिक गणित शिकलेली आपली मुलं नुसतं उत्तर लिहून मोकळी होतात. बरोबर असेल तर ठीकच. चुकलं तर दाखवायला काहीच नाही, सरळ शून्य. या पोरांना मी म्हणते, मनात कर, पण कागदाला सांग.

रीडिंगचं वेगळं दुखणं आहे. एका तासात तीन उतारे वाचायचे आणि प्रश्नही सोडवायचे. वाचायला जास्तीची मिनिटं नाहीत. आपल्या घरातली मुलं फाडफाड वाचतात म्हणून आईवडील निर्धास्त असतात. पण 'एक शब्द शोधून लिहा' म्हटल्यावर अख्खं वाक्य उतरवलं की मार्क नाही. तीन मार्कांच्या प्रश्नात 'तो घाबरला होता' एवढ्याने भागत नाही, कशावरून ते उताऱ्यातून काढून दाखवावं लागतं. याला ट्यूशन लागत नाही. रात्री पुस्तक वाचताना मध्येच थांबून "हा असं का वागला असेल? तुला कसं कळलं?" एवढं विचारा. मराठी पुस्तक असलं तरी चालेल, तर्क भाषेवर अडत नाही. शब्दसंग्रहासाठी मात्र इंग्रजीच वाचायला हवं.

जुने पेपर सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

पाहुणा_आजोबा
९ मार्च २०२५, सकाळी ५:३७

सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलो आहे. निवृत्त मराठी शिक्षक. नात व्याकरण करत होती, 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल' म्हणजे काय ते तिच्या वडिलांना सांगता येईना. मी पाहिलं तर वाक्याच्या सुरुवातीला आणलेलं क्रियाविशेषण, मागे स्वल्पविराम, संपलं. 'काल रात्री, मांजर पळालं.' मॉडल व्हर्ब, रिलेटिव्ह क्लॉज, पॅसिव्ह, सगळं ओळखीचं निघालं. मराठी माध्यमात कर्तरी-कर्मणी घोकलेल्या पालकांनी या पेपराला अजिबात भिऊ नये.

मात्र पाढ्यांची चाचणी चौथ्या इयत्तेत आणि तीही बारा बारेपर्यंतच, हे ऐकून आम्हाला वाईट वाटले.

रेडिंगकर
९ मार्च २०२५, सकाळी ९:०८

आजोबा, बारापर्यंतच पण संगणकावर २५ प्रश्न आणि प्रत्येकाला सहा सेकंद. मी बसून बघितलं. सात आठेला चहा सांडला.

नवी_पाखरं
९ मार्च २०२५, संध्याकाळी ६:४५

आम्ही ऑगस्टमध्येच नागपूरहून आलो. मुलगा सेमी-इंग्रजीचा. गणित पक्कं, पण रीडिंगचा मॉक बघून तो दोन दिवस बोलला नाही. अशा मुलांना काही सवलत?

खडू_फळा
९ मार्च २०२५, रात्री ८:५५

त्याच्या वर्गशिक्षकांना याच आठवड्यात भेटा, मे उजाडू देऊ नका. मूल अजून त्या पातळीच्या इंग्रजीत काम करत नसेल तर त्या विषयाच्या पेपरला न बसवण्याचा निर्णय शाळा घेऊ शकते. गणिताला बसेल, रीडिंगला नाही, असंही होतं. गणितात प्रश्न मोठ्याने वाचून मागता येतो. रीडिंगच्या पेपरात उतारा किंवा प्रश्न वाचून दाखवता येत नाही, तिथे वाचनच तपासायचं असतं. जास्तीचा वेळ काही मुलांना मिळतो, २५ टक्क्यांपर्यंत, पण नुसतं घरी दुसरी भाषा बोलतात म्हणून नाही. वर्गात नेहमी लागणारी मदत असेल तर ती परीक्षेतही, असं साधारण तत्त्व.

आणि सात महिन्यांत तो मॉकला बसला हीच मोठी गोष्ट आहे. त्याला माझ्याकडून सांगा.

स्कॉच_पुणेकर
१० मार्च २०२५, सकाळी ८:३०

एडिनबराहून नम्र निवेदन: आमच्याकडे सॅट्स नाहीत. या सगळ्या गडबडी इंग्लंडच्या. इकडे पी सेव्हनला (प्राथमिकच्या शेवटच्या वर्षी) संगणकावर एक चाचणी असते, पण वर्षभरात शिक्षकांना वाटेल तेव्हा. मुलाने कधी दिली तेही आम्हाला नंतर कळलं. थंडी सोसणार असाल तर या.

मोहोर
१५ मे २०२५, संध्याकाळी ५:१२

झाल्या एकदाच्या! शाळेत रोज सकाळी टोस्ट देत होते, लेकीच्या मते सॅट्सचा सगळ्यात चांगला भाग तोच. गणित बरं गेलं. रीडिंगचा शेवटचा उतारा अर्धवट राहिला म्हणाली आणि गाडीत थोडी रडली. त्यात पहिला प्रश्न असा होता की

संपादक
१५ मे २०२५, संध्याकाळी ५:४०

मोहोर, पुढचा मजकूर काढला आहे. आजारी असलेली काही मुलं हेच पेपर पुढच्या काही दिवसांत देतात, तोवर प्रश्नांबद्दल इथे लिहू नये. मुलीला शुभेच्छा.

मोहोर
१५ मे २०२५, संध्याकाळी ५:४४

सॉरी, सॉरी. लक्षातच आलं नाही.

मोहोर
११ जुलै २०२५, रात्री ९:२०

निकाल आला. गणित १०८, व्याकरण १०४, रीडिंग ९७. लेखनात अपेक्षित पातळीवर. रीडिंगसमोर 'एनएस' लिहिलंय, ते 'नॉट सेफ' वाटून मी क्षणभर गार पडले.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. दहा मिनिटं स्वयंपाकघरात भांडी आपटली. लेक आली, कागद वाचला आणि म्हणाली, "तीनच कमी आहेत." मग ट्रॅम्पोलिनवर गेली.

खडू_फळा
११ जुलै २०२५, रात्री १०:०३

एनएस म्हणजे अपेक्षित पातळी गाठली नाही, एएस म्हणजे गाठली. ९७ म्हणजे थोडक्या मार्कांनी हुकलं, अर्धवट राहिलेला उतारा तो हाच. यंदा देशभरात रीडिंग, लेखन, गणित तिन्हींत पातळी गाठणारी मुलं ६२ टक्के. दहातली जवळपास चार मुलं कुठे ना कुठे अडली आहेत, तुमची एकटी नाही. कोविडच्या आधी, २०१९ ला, हे ६५ होतं.

एक करा. सप्टेंबरात इंग्रजीच्या शिक्षकांना दोन ओळींची ईमेल टाका: वेळेत वाचून होत नाही, समजतं मात्र. आकड्यातून त्यांना हे कळणार नाही.

दुसरा_चहा
११ जुलै २०२५, रात्री १०:३०

आणि सेट किती वेळा बदलतात ते त्याच ईमेलमध्ये विचारा.

मोहोर
१२ जुलै २०२५, सकाळी ७:५५

विचारलं होतं ओपन इव्हिनिंगला. दर टर्मला बदलतात म्हणाले. ईमेल लिहून ठेवते.

आता शेवटचा प्रश्न: ब्लेझर एक साइझ मोठा घ्यावा का?

रेडिंगकर
१२ जुलै २०२५, सकाळी ८:१०

दोन. बाह्या आतून दुमडून टाका घाला, ख्रिसमसला उसवा.